मंगळसूत्र राहू द्या, झाडाखालून निघा

पत्र: दादा, आम्ही जिंतूर तालुक्यात राहतो, शेतातच आखाडा आहे आणि तिथंच आमचं पत्र्याचं घर. गेल्या महिन्यात अवकाळी पावसात बांधावरच्या कडुलिंबावर वीज पडली, झाड वरपासून खालपर्यंत चिरलं आणि खाली बांधलेली म्हैस जागीच गेली, दहा-बारा पावलांवरची कालवड मात्र वाचली. तेव्हापासून घरात रोज नवा नियम निघतोय. सासूबाई म्हणतात आमचा धाकटा पायाळू आहे, वीज त्यालाच शोधते, ढग आले की त्याला घरात कोंडायचं. अंगणात विळे-कोयते फेकायचे, मी मंगळसूत्र-जोडवी काढून ठेवायची, तांब्याची घागर झाकायची. मिस्टर म्हणतात गमबूट घातले की काही होत नाही, फक्त मोबाइल बंद पाहिजे. दीर म्हणतो घरावर तांब्याचा रॉड लावू, त्यावर मिस्टर म्हणतात रॉड लावला की लांबची वीज पण आपल्याच घरावर येईल. मध्ये एक जण यंत्र विकायला आला होता, १०० मीटरची गॅरंटी देतो म्हणाला. वीज नक्की कशाकडे ओढली जाते आणि कशानं वाचता येतं, एकदा सरळ सांगा.

ताई, दुभतं जनावर असं डोळ्यादेखत जाणं म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. पण तुमच्या पत्रातले सगळे नियम एकत्र वाचले आणि एक गोष्ट लगेच लक्षात आली, तुमच्या घरात लोखंड-तांब्याची भीती आहे आणि रबरावर भरवसा आहे, आणि विजेच्या बाबतीत हे जवळपास उलटं आहे. मी अर्थिंगची कामं करतो, गावोगाव हेच ऐकतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, वाचून झालं की मिस्टरांना पण द्या.

आधी त्या पोराला मोकळं करा. जन्मताना पाय आधी बाहेर आले की डोकं, याची कुठलीही खूण शरीरात राहत नाही जी पाच-सहा किलोमीटर वरच्या ढगाला कळावी. खरं सांगू का, सासूबाईंचा नियम मला आवडला, ढग गडगडायला लागले की घरात, एकदम बरोबर, फक्त तो एकट्या धाकट्याला नको, अख्ख्या घराला लावा, स्वतः सासूबाईंना पण. पायाळू म्हणून त्याला कोंडायचं आणि बाकीच्यांनी तोवर सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकायला पळायचं, यात जीव जातो तो पळणाऱ्याचा.

आता वीज जागा कशी निवडते ते बघा, कारण हे एकदा कळलं की अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्याल. ढगाच्या आत बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात, त्यातून ढगाच्या खालच्या भागात ऋण भार साठतो आणि त्याच्यामुळं खालच्या जमिनीवर धन भार गोळा होतो. मग ढगातून विजेची एक फिकट फांदी खाली निघते, ती सरळ येत नाही, साधारण ५०-५० मीटरच्या उड्या मारत, वाकडीतिकडी, फाटे फोडत येते. वर असेपर्यंत तिला खाली काय आहे याचा पत्ताच नसतो, तुमचा आखाडा नाही, कडुलिंब नाही, मंगळसूत्र तर नाहीच नाही. जमिनीपासून शंभरेक मीटर किंवा त्याहून खाली आली की मग खालच्या उंच वस्तूंमधून, झाडाचा शेंडा, लाइटचा पोल, देवळाचा कळस, आणि हो, मोकळ्या रानात उभा असेल तर माणसाच्या डोक्यातून पण, वरच्या दिशेनं बारीक ठिणगीसारखा झोत निघतो. ज्याचा झोत त्या फांदीला आधी भिडला त्याच्यावर वीज पडली. एकदा भिडलं की त्या वाटेनं सरासरी ३०,००० अँपिअर करंट जातो (तुमच्या घरातला मेन एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की खाली पडणारं बटण, ३२ अँपिअरच्या आसपास असेल) आणि हवा साधारण ३०,००० अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती हवा फाटल्यासारखी फुगते तोच गडगडाट.

म्हणजे सगळा निर्णय शेवटच्या शंभर मीटरमध्ये होतो, आणि तिथं तीनच गोष्टी चालतात, उंची किती, टोक किती निमुळतं आणि आजूबाजूला तेवढं उंच दुसरं काही आहे का. वस्तू कशाची आहे हा प्रश्न फार मागे राहतो. तुमचा कडुलिंब लाकडाचाच होता ना, त्यात कुठं लोखंड होतं? बांधावर एकटा उभा होता, आसपास सगळ्यात उंच, बास. नारळ, ताड, एकटी चिंच, माळावरची बाभूळ, सगळ्यांचं तेच. झाडाची साल का उडते तर आतला ओलावा क्षणात वाफ होतो आणि ती वाफ झाड फोडून बाहेर पडते. आणि एकदा पडली म्हणून परत तिथं पडत नाही असंही नाही हां, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर वर्षाला वीस-पंचवीस वेळा वीज पडते, तेव्हा त्या फाटलेल्या कडुलिंबाखाली आता धोका संपला म्हणून पुन्हा खुंटा ठोकू नका.

म्हणून मंगळसूत्र आणि जोडवी अंगावर राहू द्या. दोन-चार ग्रॅम सोन्यानं तुमची उंची वाढत नाही. वीज खरंच अंगावर आली तर धातू टेकतो तिथली कातडी भाजते, हे होतं, पण दागिन्यामुळं वीज आली असं होत नाही. घागर झाका किंवा उघडी ठेवा, घागरीला फरक पडत नाही. कोयत्यांचं तर मला कायम वाटतं, विजा चमकत असताना ते फेकायला कुणीतरी अंगणात जातंच की नाही? धोका तो जाण्याचा आहे. शिवाय अंधारात त्या विळ्यावर कुणाचा पाय पडला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पळा.

मोबाइलचं पण ऐकून ऐकून कंटाळा आलाय. ११ जुलै २०२१ ला जयपूरजवळ आमेर किल्ल्याच्या वरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडून ११ जण गेले, लोक तिथं पाऊस बघत सेल्फी काढत होते, आणि लगेच गावभर झालं की मोबाइलनं वीज खेचली. अहो, डोंगराच्या माथ्यावर बुरूज, बुरुजाच्या माथ्यावर माणसं, तिथं हातात मोबाइलच्या जागी भाकरी असती तरी तेच झालं असतं. मोबाइलच्या लहरी विजेला बोलवत नाहीत. उलट तो चालू ठेवा, मदतीला फोन लागतो आणि वीज जवळ आल्याची सूचना पण त्याच्यावरच येते. मात्र चार्जरला लावून बोलू नका, कारण वीज पोलवर किंवा डीपीवर पडली की करंट वायरीतून घरात येतो आणि चार्जरपर्यंत पोचतो, तो धोका वायरीचा आहे.

छत्री, खांद्यावरचं खोरं, आंबे उतरायची लांब आकडी, हे मात्र खाली ठेवायचं. धातूचं आहे म्हणून नाही, तुम्हाला फूट-दोन फूट उंच करतं म्हणून, बांबूची आकडी ओली झाली की ती पण तेवढीच वाईट. आणि रोही-डुकरं हाकायला मका-ज्वारीत जे मचाण बांधतो ना, त्याच्यावर तर गडगडाटात एक मिनिट थांबायचं नाही. सपाट रानात दहा-बारा फूट उंच आणि त्यावर बसलेला माणूस, विजेला यापेक्षा सोपं काय पाहिजे.

आता गमबूट. मिस्टरांचा गैरसमज येतो कुठून ते मला माहितीय, घरातली लाइट २३० व्होल्टची, तिथं कोरडी रबरी चप्पल खरंच वाचवते, वायरमन पण रबरी मॅटवर उभा राहून काम करतो. पण ढगाची गोष्ट काही कोटी व्होल्टची असते. कोरडी हवा मीटरला ३० लाख व्होल्ट अडवते, आणि जी वीज ती हवा फोडत किलोमीटरच्या किलोमीटर खाली आली ती शेवटच्या दोन सेंटीमीटर रबरापाशी येऊन थांबेल का? रबर फोडून जाईल नाहीतर बुटाच्या बाहेरून, ओल्या पँटवरून उडी मारून जमिनीत जाईल. रबर, लाकूड, प्लास्टिक, काच, फायबरची खुर्ची, यातलं काहीच विजेला अडवणारं नाही. चिखलात साप-विंचवासाठी गमबूट घाला, त्यासाठी ते झकास आहेत.

कार सुरक्षित असते ना, मग ती टायरमुळंच असेल, हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. टायरमुळं असतं तर मोटरसायकलवाला पण सुरक्षित असता, तिला पण रबरी टायरच असतात. कार वाचवते ती तिच्या पत्र्यामुळं. चारी बाजूनं आणि डोक्यावर धातू असला की करंट बाहेरच्या बाहेर, पत्र्यावरून धावतो आणि टायरवरून उडी मारून जमिनीत जातो, आतल्या माणसाला लागत नाही. मायकेल फॅरेडेनं १८३६ मध्ये लंडनला धातूनं मढवलेली खोलीच करून हे दाखवलं होतं, बाहेरून विजेच्या ठिणग्या आणि आत त्याच्या यंत्राला काही कळेना, म्हणून त्याला फॅरेडेचा पिंजरा म्हणतात. विमानावर वर्षातून एखाद-दोनदा वीज पडतेच पडते, आतल्या लोकांना बऱ्याचदा पत्ता पण लागत नाही, कारण बाहेरचं ॲल्युमिनियम. तेव्हा रस्त्यात असाल तर काचा वर करून जीपमध्ये, एसटीत बसून राहा, दरवाज्याच्या लोखंडाला हात टेकवू नका. ट्रॅक्टर, ट्रॉली, बैलगाडी, ऑटो, दुचाकी यांच्यात पिंजरा नाही, तिथं संरक्षण पण नाही. ट्रॅक्टरखाली जाऊन बसतात लोक, ते तर अजिबात करू नका.

तर ताई, प्रश्न असा विचारायचा की वीज पडलीच तर करंट कुठून कुठं जाईल आणि त्या वाटेत मी आहे का. एवढं एक डोक्यात ठेवलं की म्हैस का गेली ते पण कळतं.

तुमच्या म्हशीवर वीज पडलीच नव्हती. पडली झाडावर. खोडातून खाली आली, काही भाग कदाचित खोडातून बाजूला उडी मारून तिच्या अंगावर गेला असेल, कारण ओलं जनावर हे ओल्या लाकडापेक्षा करंटला सोपी वाट आहे, झाडाखालची माणसं बऱ्याचदा अशीच जातात. आणि बाकीचा बुंध्यातून जमिनीत शिरला आणि तळ्यात दगड टाकल्यावर लाटा जशा पसरतात तसा चारी बाजूंनी पसरला. बुंध्याशी जोर सगळ्यात जास्त, लांब जाईल तसा कमी. आता म्हशीचे पुढचे पाय बुंध्याकडे आणि मागचे चार-पाच फुटांवर, दोन्हीकडच्या जमिनीत व्होल्टेज वेगवेगळं, मग करंट एका पायातून चढतो, पोटाछातीतून जातो आणि दुसऱ्या पायातून उतरतो. मध्ये काळीज. माणसाचे दोन पाय जवळ असतात आणि करंट बरेचदा पायातून पायात जातो, म्हणून माणूस कधी वाचतो तिथं गुरं वाचत नाहीत. कालवड लांब होती आणि तिच्या पायांतलं अंतर पण कमी, म्हणून वाचली, नशीब वगैरे आहेच पण हिशोब पण आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावर असाच प्रकार झाला, एका वादळात ३२३ रेनडिअर एकाच जागी मेलेले सापडले, पावसात कळप एकमेकांना चिकटून उभा होता आणि जमिनीतून पसरलेल्या करंटनं अख्खा कळप गेला.

म्हणून गुरांचा खुंटा झाडापासून दूर, आणि तारेच्या कंपाउंडपासून पण दूर. ते विसरतात लोक. काटेरी तारेवर लांब कुठंतरी वीज पडली तरी करंट तारेनं धावत येतो आणि तारेला टेकलेलं जनावर जातं. पाऊस यायच्या आत गुरं गोठ्यात, आणि शक्य असेल तर एकमेकांना खेटून नाही.

आणि हो, म्हशीचा पंचनामा झाला का ते तुम्ही लिहिलं नाही. वीज पडून जनावर दगावलं तर सरकारी मदत मिळते, २०२२ च्या आपत्ती निकषांत दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये धरलेत, पण तलाठ्याकडे खबर, पंचनामा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला लागतो. बरेच जण वास सुटेल म्हणून लगेच पुरून टाकतात आणि मग हातात कागदच नसतो. तुमचा झाला असेल तर तहसीलला जाऊन पाठपुरावा करा, लाजू नका.

आता घर. सिमेंटचं स्लॅबचं घर असतं तर मी एवढंच म्हणालो असतो की आत बसा, खिडकी-नळ-प्लगपासून लांब राहा, कारण स्लॅब-कॉलममधल्या सळया स्वतःच एक प्रकारचा पिंजरा होतात आणि करंट बऱ्यापैकी त्यातून खाली जातो. तुमचं पत्र्याचं आहे. पत्रा वीज खेचतो म्हणून पत्रे काढून गवताचं छप्पर घालू नका कुणाचं ऐकून, गवत पेटतं आणि वाचवत काहीच नाही. पत्रा वाईट नाही, पत्रा अर्धवट आहे. वर धातू आहे पण त्याला जमिनीत जायची वाट नाही, म्हणजे पत्र्यावर वीज पडली की ती खाली जायला काहीतरी शोधणार, आधाराचा लोखंडी अँगल, घराची वायरिंग, भिंतीला टेकून बसलेला माणूस. तो पत्रा दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतून धातूच्या पट्टीनं जमिनीत सोडला की तोच वाईट पत्रा चांगला होतो. तोपर्यंत गडगडाटात घराच्या मधोमध बसायचं, अँगलला, भिंतीला टेकायचं नाही, टीव्ही-फ्रिजच्या पिना आधीच काढून ठेवायच्या (विजा डोक्यावर आल्यावर नाही, तेव्हा पिनेला हात लावणंच नको), बोरच्या स्टार्टरकडे जायचं नाही. नळाला लोखंडी पाइप असेल तर आंघोळ-भांडी अर्धा तास थांबली तरी चालतात. नुसत्या चार खांबांवरचं शेड, बाजूला भिंती नसलेलं, तिथं मात्र पाऊस चुकतो, वीज नाही.

दीर बरोबर आहे, रॉड लावा. मिस्टरांची शंका पण मूर्खपणाची नाही, रॉड वीज आपल्यावर घेतो हे खरंच आहे, त्याचं कामच ते. पण तो लांबून बोलवत नाही. वर सांगितलं ना, निवड शेवटच्या शंभर मीटरमध्येच होते, तर जी वीज तुमच्या घरावर किंवा अगदी शेजारी पडणारच होती तीच तो पकडतो, पलीकडच्या शिवारातली नाही. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं १७५२ च्या सुमाराला रॉडची कल्पना पुढं आणली, त्याला वाटायचं रॉड ढगातला भार गुपचूप उतरवून टाकेल आणि वीज पडणारच नाही, ते काही खरं निघालं नाही, पण पडलेली वीज सुरक्षित वाटेनं जमिनीत नेणं हे काम रॉड तेव्हापासून आजतागायत करतोय. आणि त्याच फ्रँकलिनचं वाचून १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्राध्यापक रिचमान यांनी घराच्या छपरावरून सळई आत घेतली, पण तिचं टोक जमिनीत सोडलंच नव्हतं. वादळात मोजमाप बघायला जवळ गेले आणि जागीच गेले. अर्धी वाट म्हणजे वाट नसल्यापेक्षा वाईट, हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, कारण गावात मी कायम हेच बघतो, वर चकचकीत पाच टोकांचा तांब्याचा रॉड, आणि खाली बारीक वायर, मध्ये तीन गाठी, आणि शेवटचं टोक मातीत वीतभर खुपसलेलं.

पैसे वर घालू नका, खाली घाला. तांबंच पाहिजे असं नाही, तांबं उत्तम चालतं पण चोरीला पण उत्तम जातं, २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी पट्टी घराला पुरेल. पट्टी सरळ खाली आली पाहिजे, काटकोनात मोडलेली नको, गुंडाळी नको, कारण वीज वळणावर वाट सोडून उडी मारते. दोन बाजूंनी दोन पट्ट्या. दोन अर्थिंग खड्डे, कोळसा-मीठ घालून किंवा आता तयार पावडर मिळते ती घालून, आणि अर्थ टेस्टरनं मोजून १० ओहमच्या आत आलं पाहिजे, कॉन्ट्रॅक्टरला म्हणायचं मशीन आण आणि माझ्यासमोर मोज, पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात, कारण ओल्या मातीत सगळ्यांचंच रीडिंग छान येतं. तुमच्याकडं काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडावं लागतं. घराचं लाइटचं अर्थिंग आणि रॉडचं अर्थिंग जमिनीत एकमेकांना जोडलेलं पाहिजे, आणि पट्टीच्या जवळून जाणारा लोखंडी पाइप, अँगल पण तिला जोडून टाकायचा, नाहीतर करंट पट्टीतून त्याच्यावर उडी मारतो. पट्टी उतरते त्या बाजूला गुरं बांधायची नाहीत, पोरांची खेळायची जागा पण नाही. आणि रॉडनं घर वाचतं, टीव्ही वाचेलच असं नाही, वायरीतून येणाऱ्या झटक्याला मेन बोर्डात वेगळा सर्ज प्रोटेक्टर लागतो, एमसीबी त्याला फार हळू पडतो. हे काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या, दिरानं यूट्यूब बघून करू नये, त्याचा उत्साह चांगला आहे तरी.

आता तो शंभर मीटरची गॅरंटीवाला. साध्या रॉडचा ढोबळ हिशोब असा की टोक जमिनीपासून जेवढं उंच, तेवढ्याच अंतरापर्यंत खाली छत्र धरायचं, सहा मीटर उंच टोक तर सहा मीटर. हे लोक म्हणतात आमच्या रॉडमधून झोत लवकर निघतो म्हणून आमचं छत्र शंभर मीटर. यावर जगभरात वाद आहे आणि बरेचसे शास्त्रज्ञ हा दावा मानत नाहीत, आणि आयईसी ६२३०५ या वीज-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात स्पष्टच आहे की रॉडचं क्षेत्र त्याच्या प्रत्यक्ष उंची-लांबीवरूनच धरायचं, जादा काही नाही, आपल्या बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक संस्थेनं पण तेच मानक घेतलंय. तो माणूस परत आला तर त्याला एवढंच विचारा की बाबा, ६२३०५ प्रमाणे याचं क्षेत्र किती ते कागदावर लिहून दे. त्याच्या यंत्राच्या भरवशावर कुणी शंभर मीटरमध्ये निवांत सोयाबीन कापत बसलं तर ते यंत्र नसण्यापेक्षा धोक्याचं आहे, मला राग येतो तो याचा.

कारण रॉडनं घर वाचेल, पण माणसं मरतात ती रानात. एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे-अपघात नोंदणी संस्थेच्या आकड्यांत २०२२ साली देशभरात वीज पडून २,८८७ जण गेले, बहुतेक खेड्यापाड्यातले. आपल्याकडं एप्रिल ते जून वळवाचा पाऊस आणि मग परतीचा, आणि वेळ बहुतेक दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत, नेमकी पेरणी-काढणीची घाई. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या डोक्यावर येऊ शकते, काम टाका आणि घर गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका, पाऊस थांबला म्हणून लगेच आलेले पण जातात. पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये टाका, तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का ते दाखवतं, घरातल्या एकानं तरी दुपारी त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम घ्यावं. धाकट्याला द्या की ते काम, फोन तसाही त्याच्याच हातात असेल.

रानातच अडकलात, घर लांब, गाडी नाही, तर एकट्या झाडाखाली नाही, विहिरीच्या लोखंडी कठड्याशी नाही, पोलखाली नाही. सखल जागी जा, एकमेकांत अंतर ठेवा म्हणजे पडली तरी सगळे एकदम जाणार नाहीत, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, गुडघ्यात डोकं, कान झाका. पाय जुळवायचे ते त्या जमिनीतल्या करंटसाठी, म्हशीचं सांगितलं तेच कारण, आणि त्याच कारणानं आडवं झोपायचं नाही. पण हे बसणं म्हणजे संरक्षण नाही हां, धोका थोडा कमी होतो एवढंच, घर गाठता येत असेल तर बसू नका, चला.

आणि शेवटचं, देव न करो पण कुणाला लागलीच तर. त्या माणसाच्या अंगात करंट साठून राहत नाही, लगेच हात लावता येतो, अजून गावात भितात लोक. शेणात पुरायचं नाही, शेणात करंट उतरतो वगैरे काही नसतं, त्यात जातो तो वेळ, आणि वेळच कामाचा असतो. चार जणांना एकदम लागली असेल तर जो ओरडतोय, तडफडतोय तो श्वास घेतोय, त्याला थोडा वेळ आहे, जो गप्प पडलाय त्याच्याकडं आधी जा. विजेनं काळीज थांबतं, पुष्कळदा ते आपोआप परत सुरू पण होतं, पण श्वास सुरू व्हायला जास्त वेळ लागतो आणि मधल्या मध्ये माणूस जातो. एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, येत असेल तर ३० दाबानंतर दोनदा तोंडानं श्वास द्यायचा, अँब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर हात बदला. ग्रामीण रुग्णालयात विचारलं तर सिस्टर लोक हे बाहुलीवर करून दाखवतात, मिस्टर आणि दीर दोघांना एकदा घेऊन जा, सालगडी असेल तर त्याला पण.